देवाला काय चालत नाही?

माझ्या कपाटात एक दोनशे पानी वही आहे. तिच्या पहिल्या चार पानांवर बारा देवांचा तक्ता आहे, पट्टी लावून आखलेला. नाव, वाहन, शस्त्र, रंग, कशाचा अधिपती, कोणाशी वैर. थोरले देव लाल शाईत, धाकटे निळ्या. वादळाचा एक, धातूंचा एक, जुळ्या भावांपैकी एक झोपेचा आणि एक जागरणाचा. स्मरणाची एक देवी होती, तिचं वाहन हत्ती. हत्ती काही विसरत नाही ही समजूत इंग्रजी पुस्तकांतून उचललेली, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

मला एक अद्भुत कादंबरी लिहायची होती. जग आपलं, नकाशा आपला, तेव्हा देवही आपलेच हवेत, इतका साधा हिशेब. नद्यांना नावं दिली, डोंगर बसवले, देव नेमले. नेमले हाच शब्द बरोबर. एखाद्या खात्यात कारकून नेमावेत तसे. तिसऱ्या प्रकरणात नायिका देवळात शिरली. तिनं हात जोडले आणि मी अडकलो. तिनं चपला बाहेर काढल्या होत्या का? आत वास कसला येत होता? तिनं आणलं काय होतं, आणि ते घ्यायला तिथे बसलं कोण होतं? तक्त्यात यातल्या एकाही गोष्टीचा रकाना नव्हता.

ती वही घेऊन मे महिन्यात मी आत्याकडे गेलो. आत्या वेंगुर्ल्याजवळच्या एका वाडीत राहते. सोलं वाळवायचे दिवस. ओटीवर सुपं मांडलेली, आत्याचे हात कोपरापर्यंत लाल. मी वाचत गेलो, ती ऐकत गेली. बारावा देव संपला तेव्हा तिनं विचारलं, "आणि ह्येंका काय चलना नाय?"

मी म्हटलं, म्हणजे?

"म्हणजे काय म्हणजे! देव म्हटल्यार तेका कायतरी चलना नाय. आणि पयलो मान कोणाचो?"

मी वही मिटली.

पोरगा देव बनवत बसलाय म्हणून आत्या दचकली नाही, हेही सांगायला हवं. तिला त्यात काही वावगं वाटण्याचं कारणच नव्हतं. दर भाद्रपदात तिच्या घरी मातीचा गणपती येतो, त्याच्या डोक्यावर नारळ, सुपारीचे घोस आणि कवंडळं लटकवलेली माटवी बांधली जाते, भटजी प्राणप्रतिष्ठा करतात, आणि ठरल्या दिवशी उत्तरपूजा होऊन मूर्ती जागची जराशी हलवली की ती पुन्हा माती. देव आणणं आणि पाठवणं हे तिच्या घरातलं वर्षाचं काम आहे. तिची तक्रार एवढीच होती की माझ्या देवांना धड पथ्यसुद्धा नाही.

आत्याच्या वाडीपासून आरवली लांब नाही. तिथला वेतोबा प्रसिद्ध आहे. त्याला केळ्यांचा घड वाहतात, आणि वाहतात चामड्याच्या भल्यामोठ्या वहाणा. रात्री तो गावाच्या राखणीला फिरतो, म्हणून त्या झिजतात, असं लोक सांगतात. माझ्या तक्त्यातल्या वादळाच्या देवाजवळ विजेचा भाला होता, सात घोडे होते, भूतकाळात त्यानं एक समुद्र आटवलेला होता. पण त्याच्या वहाणा कोणी पाहिल्या नव्हत्या. वेतोबाच्या पराक्रमांची यादी मला आजही नीट सांगता येणार नाही. त्याचा झिजलेला तळ मात्र एकदा ऐकला की विसरत नाही. रात्री दारं लावून निजलेलं गाव, बाहेर चालणारा कोणीतरी, आणि वहाण झिजली म्हणजे रात्र टळली हा हिशेब, एवढं सगळं त्या एका चामड्याच्या तुकड्यात आहे.

पुण्याला परतल्यावर मी अशा गोष्टी गोळा करू लागलो. सटवाईसाठी बाळंतिणीच्या खोलीत कोरा कागद आणि लेखणी ठेवतात, कारण ती रात्री येऊन बाळाचं नशीब लिहून जाते. देवी कागद आणत नाही, तो घरच्यांनी पुरवायचा! या एका व्यवस्थेत देव आणि माणूस यांच्या नात्याबद्दल जे कळतं ते माझ्या चार पानांत नव्हतं.

देव नव्यानं कसा रुजतो हे पाहायला फार मागे जावं लागत नाही. 'जय संतोषी माँ' हा चित्रपट १९७५ साली आला, 'शोले'च्याच वर्षी. बेताच्या खर्चातला, फारशी मोठी नावं नसलेला. संतोषी माता त्याआधीही होती, उत्तरेत तिच्या व्रताच्या पोथ्या फिरत होत्या, पण देशभर ती पोचली या चित्रपटानं. लोक थिएटरबाहेर चपला काढून आत जात, पडद्यावर फुलं आणि पैसे उधळत. आमच्या चाळीत माझ्या लहानपणी अर्ध्याहून अधिक घरांत शुक्रवार असे. त्या देवीची जन्मकथा मला कोणी सांगितल्याचं आठवत नाही. गूळ-चणे आठवतात, आणि आंबट खायचं नाही हे आठवतं. शुक्रवारी चिंच दिसली तरी आई डोळे वटारायची.

व्रताच्या कहाणीत उद्यापनाला आठ मुलगे जेवायला बोलवायचे असतात. त्यांना आंबट द्यायचं नाही, आणि दक्षिणा म्हणून पैसेही द्यायचे नाहीत, कारण पोरं पैसे घेऊन आंबट विकत आणतील. कहाणीतल्या जावा मुलांना नेमकं हेच शिकवून पाठवतात आणि देवी कोपते. हे वाचून मी हसलो, आणि मग कादंबरीकार म्हणून हेवा वाटला. एक निषेध, त्यातून एक पळवाट, पळवाटेतून कपट, कपटातून कोप. आख्खं कथानक चिंचेच्या एका बुटकावर उभं आहे.

परदेशात हे काम करणाऱ्यांची परंपरा मोठी आहे. आयरिश उमराव लॉर्ड डन्सनी यानं १९०५ साली 'द गॉड्स ऑफ पेगाना' नावाचं छोटं पुस्तक काढलं, तेही पदरचे पैसे घालून. त्यात कोणत्याही खऱ्या धर्मातला एकही देव नाही, सगळे त्याच्या डोक्यातले. थोरला देव बाकीचे देव निर्माण करून झोपी गेला आहे आणि एक ढोलवाला त्याच्यासाठी अखंड ढोल वाजवतो आहे. ढोल थांबला की देव जागा होणार आणि देव, जगं सगळं मिटणार. शेषशायी विष्णू कॅलेंडरवर पाहत वाढलेल्या माणसाला हे फार परकं वाटत नाही. पण मला त्या पुस्तकातले आवडतात ते घरगुती देव. मांजराला कुरवाळणारा एक पित्सू आहे, कुत्र्याला शांत करणारा होबिथ आहे, आणि धुळीचा अधिपती छोटा झुंबिबू. चुलीच्या पोटात बसून लाकडाची राख करणारा एक म्हाताराही आहे. थोरल्या देवाचं लांबलचक नाव मला दर वेळी पुस्तक उघडून पाहावं लागतं, झुंबिबू मात्र केर काढताना रोज आठवतो.

माझ्या तक्त्याचे खरे पूर्वज वेगळे. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ १९७४ साली अमेरिकेत निघाला, आणि पुढे त्याच्यासाठी देवांची पुस्तकं निघाली. १९८० च्या 'डेइटीज अँड डेमिगॉड्स'मध्ये ग्रीक, इजिप्शियन अशा देवांबरोबर आपले इंद्र, अग्नी, यमही आहेत, आणि प्रत्येकापुढे त्याचं चिलखत किती भक्कम आणि तो किती घाव सोसू शकतो याचे आकडे आहेत. यमाला किती घाव लागतात हे छापील मिळतं! खेळाला ते लागतं, तक्रार नाही. पण आकडे आले की तो देव उरत नाही, अवघड शत्रू होतो. त्याच्याशी लढता येतं, त्याच्याकडे मूल मागता येत नाही.

टॉल्किननं उलट केलं. त्याच्या जगाची उत्पत्ती गाण्यातून होते आणि त्या गाण्यात एक जण मुद्दाम बेसूर लावतो. पहिल्या महायुद्धाच्या काळापासून मरेपर्यंत तो या देवकथा लिहीत, खोडत होता. त्यांचं 'द सिल्मरिलियन' हे पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर चार वर्षांनी, १९७७ मध्ये मुलानं संपादून काढलं. एवढा देवांचा पसारा हाताशी असताना 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मध्ये देवळं, पुजारी, पूजा जवळपास नाहीत. तो स्वतः कट्टर कॅथलिक होता. मला वाटतं, ज्याचा देव पक्का आहे त्याला दुसरा देव मांडताना संकोच होत असावा. त्या हजारभर पानांत एकच छोटा प्रसंग आहे: धबधब्यामागच्या गुहेत फारामीर आणि त्याचे सैनिक जेवायला बसण्याआधी पश्चिमेकडे तोंड करून क्षणभर गप्प उभे राहतात. पाहुणा फ्रोडो ओशाळतो, कारण त्याच्या गावी असं काही करत नाहीत. आपल्याकडे पानाभोवती पाणी फिरवून चित्राहुती घालणाऱ्या यजमानाशेजारी, पहिला घास तोंडात घेऊन बसलेल्या पाहुण्याचं होतं ना, तसं. धर्माबद्दल टॉल्किन तिथे जवळजवळ काही सांगत नाही आणि त्या लोकांचा धर्म लख्ख दिसतो.

आत्याच्या प्रश्नाला सगळ्यांत पुरं उत्तर दिलं आहे ते अर्सुला ले ग्विननं. तिचे वडील आल्फ्रेड क्रोबर मानववंशशास्त्रज्ञ होते, कॅलिफोर्नियातल्या मूळ रहिवाशांचा त्यांनी जन्मभर अभ्यास केला. घरातच हे बाळकडू असणार. तिच्या 'द टूम्ब्ज ऑफ अतुआन' (१९७१) मधल्या दैवतांना नावं नाहीत. त्यांना अनामिकच म्हणतात. त्यांच्या भुयारातल्या सर्वांत पवित्र जागी उजेड चालत नाही. बस्स. लहानपणी घरातून उचलून आणलेली पुजारीण त्या काळोखात हातानं भिंती चाचपत वळणं मोजायला शिकते. पुढे एक परका माणूस काठीच्या टोकाला उजेड घेऊन आत शिरतो, आणि आपण कुठे वावरत होतो हे तिला पहिल्यांदा दिसतं: भिंतीवर स्फटिक चमकत असतात. ज्या निषेधावर तिचा धर्म उभा होता त्यानंच तिच्यापासून ते सौंदर्य लपवलं होतं. हे वाचून मी पुस्तक मांडीवर ठेवून बराच वेळ बसलो होतो.

आत्याचा दुसरा प्रश्न, मानाचा, मी तेव्हा थट्टेवारी नेला होता. तो पहिल्याहून जड निघाला. जेजुरीला खंडोबाच्या दोन बायका: म्हाळसा वाण्याची, बाणाई धनगराची. म्हाळसा देवाजवळ वर गडावर, बाणाईचं देऊळ खाली, पायऱ्यांच्या वाटेवर. सवतींच्या भांडणाची गाणी वाघ्या-मुरळी रंगवून म्हणतात आणि लोक हसतात. पण कोण वर आणि कोण खाली हे काही गाण्यात ठरलेलं नाही. दामोदर कोसंबी पुण्याच्या आसपास पायी हिंडून शेंदूर फासलेले दगड पाहत. देवांची लग्नं म्हणजे एकेकाळी वेगळ्या असलेल्या समाजांच्या एकत्र येण्याच्या खुणा, असं त्यांचं वाचन 'मिथ अँड रिअ‍ॅलिटी' (१९६२) या पुस्तकात आहे. म्हणजे कुठल्याही देवाच्या घरात डोकावलं की बाहेरची माणसं दिसतात: कोण आधी आलं, कोण मागून आलं, कोणी कोणाला उंबऱ्यापर्यंतच येऊ दिलं. कोकणात शिमग्याची पालखी कोणी उचलायची यावरून गावं दुभंगतात, खटले वर्षानुवर्षं चालतात. माझ्या बारा देवांपैकी एकाच्याही पालखीला खांदेकरी नव्हते, मग भांडणार कोण?

तक्ता मी फाडला नाही. मायेनं ठेवला आहे. पण कादंबरी पहिल्यापासून लिहायला घेतली, आणि या खेपेला देव आधी बनवला नाही. एक खाडी घेतली आणि तिच्यावरची तर. त्या तरीचा नियम एवढाच की होडीत बसलेली माणसं मोठ्यानं मोजायची नाहीत. का, ते कोणाला माहीत नाही. कोणी म्हणतं, एकदा मोजली तेव्हा एक जास्त भरलं होतं. तांडेल उतारू चढताना दुसरीकडे पाहतो आणि उतरल्यावर पैशांवरून अंदाज घेतो. समोरच्या काठावरच्या गावात नेमका उलटा नियम आहे: मोजलंच पाहिजे, आणि ते शेवटून पहिल्याकडे. लोक त्या देवाचं नाव घेत नाहीत, दोन्ही गावं त्याला 'पलीकडला' म्हणतात. अलीकडच्यांच्या मते तो पलीकडे राहतो आणि पलीकडच्यांच्या मते अलीकडे. त्याला नुसता भात चालतो, मासे चालत नाहीत. खाडीवरच्या लोकांचा देव आणि मासे नाहीत! हे मी ठरवलं नव्हतं. एका म्हातारीच्या तोंडी ते वाक्य आलं आणि राहिलं.

देवळाचं ते प्रकरणही मग आपोआप लिहून झालं. नायिका चपला काढते, पण हातात घेऊन आत जाते, कारण काठावर ठेवलेल्या चपला भरतीत जातात.

आत्याला मी फोनवर थोडंथोडं वाचून दाखवतो. माशांचं तिला पटलं नाही, पण देवाच्या मर्जीपुढे तिचा इलाज नाही. गेल्या आठवड्यात तिनं पुन्हा तेच विचारलं, पहिला मान अखेर कुठल्या गावाला मिळाला. मी सांगितलं की अजून मिळालेला नाही, दोन्ही गावं कोर्टात गेली आहेत आणि पुढची तारीख बाराव्या प्रकरणात आहे.