रिकामे चौकोन

सुट्टीनंतर मैदानावर गेले, तर आमचे खो-खोचे मैदान ओळखूच येईना! नवी माती, त्यावर फिरवलेला रोलर, नवे खांब, चुन्याची पांढरीशुभ्र आखणी. चौकोन आठ, जुन्या मात्र आम्ही तिघीच. बाकीच्यांची उन्हाळ्यात लग्ने झाली. जानेवारी २०२५ मध्ये प्रियंका इंगळेच्या संघाने दिल्लीत पहिला विश्वचषक जिंकला, तेव्हा मुरुममध्ये त्याच तर नाचल्या होत्या!

सरांनी प्रथम वर्षाच्या मुली घेतल्या. खो देणारीने उठणारीच्या जागी बसायचे, हा नियमच आहे. पण या मैत्रिणींना उठताना कुणी विचारले होते का?

परवा मलाही पाहुणे बघून गेले. "आई, पदवी होईपर्यंत थांब," मी म्हणाले. ती काहीच बोलली नाही. पहाटे सरावाला मात्र तिनेच उठवले.