कोऱ्या पानांची रद्दी

जुनी पुस्तकं घेणाऱ्या पालकांविषयी माझ्या मनात कितीतरी वर्षं अढी होती. पुण्यात अप्पा बळवंत चौकात निम्म्या किमतीची पुस्तकं चाळणाऱ्या बायका दिसल्या की वाटायचं, पोरांच्या शिक्षणात कसली काटकसर करता? तोंडानं कधी बोलले नाही, पण मनात तेच होतं.

त्याचं मूळ माझ्या लहानपणात आहे. माझी पुस्तकं मावसबहिणीची असायची. तिचं नाव खोडून खाली माझं. मे महिन्यात वडील आमच्या वह्यांतली उरलेली पानं सोडवायचे, कडा जुळवायचे, दाभणानं भोकं पाडून जाड दोऱ्यानं रफ वही शिवायचे. एकरेघी, दुरेघी, चौकटीची, सगळी पानं एकाच वहीत. वर्गात ती मी दप्तराआड धरून लिहायची. माझ्या मुलीवर ही वेळ येऊ द्यायची नाही, हे बहुधा तेव्हाच ठरलं. तिची शाळा विनाअनुदानित, त्यामुळे सरकारी आणि अनुदानित शाळांत आठवीपर्यंत मिळणारी मोफत पुस्तकं तिला नाहीत. तरी दर जूनला सगळं नवं हवं. दप्तर, डबा, कंपास, आधीचं धड असलं तरी. हात तंग असेल त्या वर्षी क्रेडिट कार्डावर.

2023 मध्ये बालभारतीच्या दुसरी ते आठवीच्या पुस्तकांत नोंदींसाठी कोरी पानं आली आणि पुस्तकं चार भागांत विभागली गेली. दप्तर हलकं व्हावं, हा हेतू. मुलं पुस्तकातच लिहिणार, मग ते पुढच्या मुलाला कसं द्यायचं, असं काही पालक विचारत होते. मला त्यांचा रागच आला.

वर्ष संपल्यावर मी मुलीच्या त्या पुस्तकांचे गठ्ठे रद्दीत काढले. काट्यावर ठेवता ठेवता रद्दीवाल्यानं एक भाग उघडला. म्हणाला, "ताई, यातली पानं कोरीच आहेत की." मी हातात घेतला. एका पानावर तारीख, दोन शब्दार्थ. पुढचं पान पांढरं. त्याच्या पुढचंही. चारही भाग तसेच. दोरा ओढताना वडिलांच्या बोटाला पडणारा वळ मला आठवला. त्या माणसाला कोरं पान टाकवत नव्हतं, आणि मी जन्मभर त्याच्या शिवणीची लाज धरली. दर जूनचा खर्च मुलीच्या नावावर होता खरा, पण त्यातून मी माझी जुनी लाज झाकत होते. मी इतकी कोती कशी झाले? गठ्ठा मी परत घेतला. रद्दीवाल्याला वाटलं, भाव पटला नाही.

2025-26 पासून ती कोरी पानं बंद झाली. आता वरच्या मजल्यावरच्या मुलीची पुस्तकं आमच्याकडे येतात, आमची खालच्या घरी जातात. मुलीची हरकत फक्त दप्तराला होती. ते नवं घेतलं.

राहिल्या वह्या. त्या ठरावीक दुकानातूनच घ्या, अशी सक्ती शाळेनं करायची नाही, असे सरकारी आदेश आहेत. मला ते ठाऊक होते. काटकसरी दिसू नये म्हणून गप्प बसायचे. यंदा पालकसभेत आमच्या शाळेच्या सक्तीबद्दल विचारलं. उत्तर अजून मिळालेलं नाही, पण वह्या आम्ही बाहेरून घेतल्या.