हवेच्या हिशेबातली तूट

चंदीगडच्या कॅपिटल कॉम्प्लेक्समध्ये २६ मीटर उंचीचा एक धातूचा हात उभा आहे. ल कॉर्बुझिए यांच्या कल्पनेतला हा ‘उघडा हात’ १९८५ मध्ये उभारला गेला. वारा वळेल तसा तो वळतो. त्याच परिसरात विधानभवन, सचिवालय आणि उच्च न्यायालय आहे. पंजाब आणि हरियाणा या दोन्ही राज्यांचा कारभार येथून चालतो. वाऱ्याची दिशा हा हात दाखवतो. त्या वाऱ्याबरोबर काय आले, हा प्रश्न याच शहराला लागून असलेल्या मोहालीतील आयसर संस्थेत डॉ. विनायक सिन्हा यांनी हाती घेतला.

हवेचा बहुतांश भाग नायट्रोजन आणि ऑक्सिजन यांनी व्यापलेला असतो. सिन्हा यांचे लक्ष असते ते अब्जावधी रेणूंमध्ये एखाददुसरा आढळणाऱ्या वायूंकडे: बेंझीन, आयसोप्रीन, अ‍ॅसिटाल्डिहाइड. या वायूंना हवेतून धुऊन काढण्याचे काम हायड्रॉक्सिल मूलक करतो. तो इतका क्रियाशील असतो की जन्मल्यानंतर सेकंदभरही टिकत नाही. हवेत जितके क्रियाशील वायू अधिक, तितके त्याचे आयुष्य कमी. म्हणजे या मूलकाचे आयुष्य मोजता आले, तर हवेतील सर्व क्रियाशील वायूंची बेरीज एकदम हाती येते. त्यांतला प्रत्येक वायू ओळखता आला नाही तरीही.

ही बेरीज मोजण्याची एक युक्ती जर्मनीतील माइंझ येथील माक्स प्लांक संस्थेत सिन्हा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विकसित केली आणि २००८ मध्ये प्रसिद्ध केली. काचेच्या एका लहान पात्रात पायरोल हा वायू सोडायचा. बाहेरच्या हवेत तो सहसा नसतो आणि हायड्रॉक्सिलशी त्याची अभिक्रिया किती वेगाने होते, हे ठाऊक असते. आधी पात्रात शुद्ध केलेली हवा घ्यायची आणि हायड्रॉक्सिलने किती पायरोल संपवले ते पाहायचे. मग बाहेरची हवा घ्यायची. आता तिच्यातले वायूही त्याच हायड्रॉक्सिलसाठी पायरोलशी चढाओढ करतात आणि पूर्वीपेक्षा अधिक पायरोल शिल्लक राहते. या वाढलेल्या शिलकीवरून हवेची एकूण क्रियाशीलता काढता येते. दुसऱ्या बाजूला ओळखीच्या वायूंचे वेगवेगळे मापन करून त्यांची बेरीज मांडायची. दोन्ही आकडे जुळले, तर हिशेब पूर्ण झाला.

मोहालीत नेहमीच्या उन्हाळी हवेत हा हिशेब जुळला. गव्हाच्या कापणीनंतर शेतांतले अवशेष पेटले, तेव्हा मात्र तो फसला. विनोद कुमार, बी. प्रफुल्ल चंद्र आणि सिन्हा यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधानुसार एकूण क्रियाशीलता प्रतिसेकंद २८ वरून ६४ वर गेली. सरासरी ३६ मिलिसेकंद जगणाऱ्या मूलकाचे आयुष्य १६ मिलिसेकंदांवर आले. आणि या वाढलेल्या बेरजेतील सुमारे ४० टक्के भाग कोणत्याच मोजलेल्या वायूच्या नावे लावता येईना. तूट वाढली त्याच काळात आयसोसायनिक आम्ल, नायट्रोमिथेन आणि अमाइड गटातील संयुगेही हवेत वाढलेली दिसली. यांपैकी अनेकांचा समावेश वातावरणाच्या अत्यंत तपशीलवार संगणकीय प्रतिमानांतही नव्हता.

या तुटीचे मोल प्रयोगशाळेपुरते नाही. हेच क्रियाशील वायू सूर्यप्रकाशात ओझोन आणि सूक्ष्म कण घडवतात. जमिनीलगतच्या ओझोनने श्वासाला अपाय होतो आणि गहू-भाताचे उत्पन्नही घटते. पेटलेल्या शेताचा धूर शेजारच्या उभ्या पिकावर उलटतो. शेतकऱ्याला दोष देणे सोपे आहे, पण विशेषतः भाताच्या कापणीनंतर गव्हाच्या पेरणीपर्यंत त्याच्या हाती फार थोडे दिवस असतात. देशाच्या २००९ च्या हवा-मानकांत बारा प्रदूषकांची नावे आहेत. बेंझीन त्यांत आहे, आयसोसायनिक आम्ल नाही. ज्याला नाव नाही त्याची मर्यादा ठरत नाही आणि ज्याची मर्यादा नाही त्याचा जाब विचारता येत नाही.

आपल्याला किती ठाऊक नाही, हे नेमक्या आकड्यात सांगणे हेही विज्ञानाचेच काम. मोहालीच्या काचेच्या पात्राने ते केले. त्या ४० टक्क्यांतले एकेक नाव शोधणे पुढच्या विद्यार्थ्यांकडे आले आहे, आणि सापडलेल्या नावांचे काय करायचे, ते उघड्या हाताच्या शेजारी असलेल्या त्या इमारतींना ठरवायचे आहे.