मसूरवरून जाताना

सुट्टी लागली की परळ-लालबागच्या चाळींतून गावाकडे गाड्या सुटतात. यंदा आम्हीही भाड्याची गाडी ठरवून पहाटे कराडला बहिणीकडे निघालो. द्रुतगती मार्ग, पुणे, खंबाटकीचा घाट, सातारा करीत उंब्रजला पोचलो, तेव्हा मी मसूरकडे वळायला सांगितले. वाट जरा वाकडी होती, पण मुलीला ते स्टेशन दाखवायचे होते.

१९०१ च्या सुमारास लहानगे भीमराव भाऊ-भाच्यांसह साताऱ्याहून आगगाडीने याच मसूरला उतरले. वडील खटाव तालुक्यात तलावाच्या कामावर खजिनदार होते. त्यांना भेटायचे होते. पत्र वडिलांना मिळाले नव्हते, म्हणून न्यायला कोणी आले नाही. जात कळताच स्टेशनमास्तर मागे सरला. दुप्पट भाडे कबूल करूनही गाडीवान गाडीत बसेना. मुलांनी बैल हाकायचे, त्याने पायी चालायचे! बरोबर जेवण होते, पाणी मिळाले नाही. रात्र उपाशी गेली. बाबासाहेबांनी हे स्वतः लिहून ठेवले आहे.

"जेवण होतं, तर उपाशी का?" मुलीने विचारले.

उत्तर आईने दिले. "कोरड्या घशाखाली भाकर उतरत नाही, बाळा." आई अजून प्रवासात घरच्या पाण्याचा कॅन घेते, वाटेत कुणाकडे मागत नाही. लहानपणी गावच्या विहिरीपाशी कळशी घेऊन, कोणी वरून ओतील म्हणून ती तासन् तास उभी राहिलेली. हे मी त्या दिवशी गाडीत पहिल्यांदा ऐकले.

पुढे हॉटेलात मुलगी उठली, माठातले पाणी स्वतःच्या हाताने काढून तिने आजीपुढे ठेवले. आईने आधी गल्ल्यावरच्या मालकाकडे पाहिले. मग प्यायली.