एकलकोंडा हेलियम

माणसांसारखे मूलद्रव्यांनाही स्वभाव असतात. प्राणवायू दिसेल त्याच्याशी सोयरीक जमवतो. हेलियम मात्र जन्माचा ब्रह्मचारी. स्वतः जळत नाही, दुसऱ्याला जाळत नाही. त्याची पहिली ओळखही पृथ्वीवर पटली नाही. ऑगस्ट १८६८ मधले खग्रास ग्रहण पाहायला फ्रान्सचे जानसेन गुंटूरला येऊन बसले होते. त्याच वर्षी इंग्लंडात लॉकियर यांनी सूर्याच्या वर्णपटात एक अनोळखी पिवळी रेषा टिपली. ग्रीकांच्या सूर्यावरून नाव पडले, आणि हे महाशय खनिजातून रॅम्से यांच्या हाती लागले ते १८९५ साली!

माझा त्याच्याशी संबंध आला तो आमच्या धाराशिव जिल्ह्यामुळे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती बोळवून लोक नुकते झोपले असताना, भूकंप झाला. सास्तूरला आत्याच्या घराची दगडमातीची भिंत तिच्या पाठीवर आली. ती वाचली; शेजारची घरेच्या घरे गेली. पुढल्या वर्षी हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी 'करंट सायन्स'मध्ये लिहिले, की किल्लारीजवळ जमीन फाटली तिथल्या मातीत हेलियम विलक्षण प्रमाणात सापडला. हवेत तो दहा लाखांत जेमतेम पाच भाग. पण आपल्या काळ्या पाषाणाखाली जुना ग्रॅनाइट आहे. त्यातले युरेनियम, थोरियम कोट्यवधी वर्षे झिजत हेलियम सोडत असतात. कशातच गुंतत नाही, म्हणून भेग मिळताच तो निसटतो.

आत्या तेव्हा पत्र्याच्या शेडमध्ये राहत होती. सगळे ऐकून तिने एकच विचारले, "मंग हलायच्या आधी सांगतंय का रं ते?"

जगभरच्या शास्त्रज्ञांचाही हाच प्रश्न आहे! हेलियम, रेडॉन यांच्या चढउतारांवर ठिकठिकाणी पाळत असते. भरवशाचा इशारा अजून कुणाला मिळालेला नाही.

"नाही, आत्या."

"मंग तुजं ते असून नसून सारखंच," ती म्हणाली आणि चुलीकडे वळली.

पुढे तिची पाठ फारच दुखू लागली, तेव्हा सोलापूरला एमआरआय काढायला नेले. त्या यंत्राचे चुंबक उणे २६९ अंशांच्या द्रव हेलियमने थंड ठेवतात. हा हेलियम नैसर्गिक वायूच्या विहिरींतून निघतो आणि आपल्याकडे परदेशातून येतो. तिला एवढेच सांगितले, की आत हेलियम आहे.

"त्योच का, आपल्या भेगेतला?"

"त्याचाच भाऊबंद," मी म्हणालो, आणि तिला आत घेतले.