भाकरीचा तुकडा

भाची डॉक्टरेट करणार असे कळले तेव्हा आमचा पहिला प्रश्न होता, विषय कोणता आणि मार्गदर्शक कोण? मराठीच्या प्राध्यापकाला दुसरे काय सुचणार? ती हसली. "मामा, यात प्रबंध नसतो." मग तिने समजावून सांगितले. अमेरिकेत फिजिओथेरपीचा व्यवसाय सुरू करण्यासाठीची पदवीच डॉक्टरेट आहे. साधारण तीन वर्षे वर्ग आणि रुग्णालये, आणि शेवटी परवान्याची परीक्षा. आपल्याकडे तिच्या वेळी साडेचार वर्षांची पदवी घेऊन माणूस या कामाला लागे, त्यातले शेवटचे सहा महिने आंतरवासितेचे. नावाआधी 'डॉ.' लावावे की नाही हा आपल्याकडे वेगळाच वाद. 2025च्या सप्टेंबरात केंद्रीय आरोग्यसेवा महासंचालनालयाने ते लावू नये असे पत्र काढले आणि दुसऱ्याच दिवशी मागे घेतले. आमच्या नावाआधीचे 'डॉ.' मात्र वादातीत आहे. ज्या प्रबंधामुळे ते लागले, तो वाळवीखेरीज कोणी वाचलेला नाही.

तयारी वर्षभर चालली. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठातून गुणपत्रके, त्यांचे एकेका विषयागणिक तिकडच्या श्रेयांकांत मूल्यमापन, इंग्रजीची परीक्षा, शिफारसपत्रे, प्रत्यक्ष रुग्णसेवेच्या तासांची नोंद. हे सारे तिने जळगावात बसून एकटीने केले. आमची गरज लागली ती निबंधापाशी. हे काम का करावेसे वाटते, ते अर्जदाराने स्वतःविषयी लिहायचे, आणि तेही मोकळ्या जागा धरून साडेचार हजार अक्षरांत. "तुम्ही लिहिणारे आहात, मामा. जरा बघाल का?" म्हणून एका रविवारी ती एरंडोल-पारोळ्यामार्गे एसटीने धुळ्याला आली.

आम्ही बघितले नाही, लिहूनच काढले. धुळ्याला राहणाऱ्याला या मोहाची एक थोर सबब आयती मिळते. येथल्याच तुरुंगात 1932 साली विनोबा गीतेवर बोलत होते आणि साने गुरुजी ते उतरून घेत होते. पण गुरुजींनी विनोबांचे शब्द टिपले. आम्ही भाचीच्या नावावर आमचे शब्द खपवत होतो. पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेले आजोबा, उशाशी बसलेली नववीतली नात, तिच्या डोळ्यांतले पाणी आणि मनातला संकल्प. मजकूर मराठीत चांगला उतरला होता असे आम्हांला आजही वाटते.

तिने तो शांतपणे वाचला. "मामा, सगळं छान आहे. पण आपण काय केलं, ते यात नाही."

आपण काय केले? आबांचा उजवा हात गेला तेव्हा रुग्णालयातून सुटताना सांगितले होते, घरी व्यायाम हवेत. एक तरुण फिजिओथेरपिस्ट घरी येऊ लागला. ना शेक, ना मशीन. तो आबांना बोटांनी कळण्याच्या भाकरीचा तुकडा मोडायला लावी. तुकडा मोडता मोडता दहा मिनिटे जात, वरण सदऱ्यावर सांडे. जन्मभर मुलांचे अक्षर सुधारणारा माणूस ताटासमोर घामाघूम होई. हातच हलवायचा तर तो आम्हीही हलवू, त्याला पैसे कशाला, असे आम्ही म्हणालो. हे वाक्य आमचेच, ताईचे नव्हे. तिसऱ्या आठवड्यात त्याला येऊ नको म्हणून सांगितले. मग आईने भाकरी कुस्करून भरवायला सुरुवात केली आणि भेटायला येणारे सारे म्हणत, काय सेवा करतात! शनिवारी आम्ही धुळ्याहून जात असू, तेव्हा चमचा आमच्या हाती येई. सहा महिन्यांत ती बोटे मिटली ती मिटलीच.

भाचीने त्या रात्री आम्हांला 2006 सालच्या एका चाचणीविषयी सांगितले. पक्षाघाताला तीन ते नऊ महिने झालेल्या रुग्णांचा चांगला हात जागेपणीचा बहुतेक वेळ मोज्यात बांधून ठेवला आणि दोन आठवडे दुबळ्या हाताकडूनच कामे करून घेतली. नेहमीच्या उपचारांवर असलेल्यांपेक्षा त्यांचा हात अधिक सुधारला आणि वर्षभरानंतरही तो फरक टिकून होता. एडवर्ड टाऊब या मानसशास्त्रज्ञाने यामागचे कारण आधीच मांडले होते. दुबळा हात वापरायला गेले की अपयश येते, म्हणून माणूस तो न वापरायलाच शिकतो. पुढे थोडी शक्ती परतली तरी शिकलेले तसेच राहते. आम्ही विचारले, म्हणजे आबांचा हात बरा झाला असता? "ते नाही सांगता येणार," ती म्हणाली. "त्या चाचणीत मनगट आणि बोटं थोडी तरी हलणारेच रुग्ण घेतले होते." जरा थांबून म्हणाली, "आबांची हलत होती."

तिचा स्वतःचा निबंध रूक्ष होता. त्यात आबा होते, फिजिओथेरपिस्ट होता आणि तो यायचा बंद झाला हेही होते. आम्ही सुचवले, की तू तर तेव्हा शाळकरी होतीस. 'आम्ही त्यांना भरवले' ऐवजी 'घरच्यांनी भरवले' लिही. अर्ज तुझा आहे, दोष कशाला अंगावर घेतेस? तिने मान हलवली. पाणी पाजताना पेला तीही धरत असे.

पुढच्या रविवारी आम्ही जळगावला गेलो. आई आता ऐंशीच्या पुढे आहे. काय लिहिले ते नातीने तिला वाचून दाखवले, मराठीत सांगत सांगत. आम्ही खाली बघत होतो. आई बराच वेळ पदराचे टोक चिमटीत फिरवत राहिली.

"बाई, त्यांचा हात थरथरायचा," ती म्हणाली, "बघवत नव्हतं मला."

भाचीने ते वाक्य इंग्रजीत घेतले. अक्षरे मर्यादेपलीकडे जात होती, म्हणून पदवी परीक्षेतल्या आपल्या क्रमांकाचे वाक्य तिने काढून टाकले.