वाऱ्यावरचा विस्तव

पाचूबंदरला आमचं दुकान आहे. नायलॉनचे दोर, जाळ्याचा धागा, शिशाची वजनं, खिळे, रंगाचे डबे असं बोटीला लागणारं किरकोळ सामान आम्ही विकतो. गल्ल्याशेजारी काड्यापेट्या आणि स्वस्तातले लायटर असतात. ते फक्त बिडी ओढणारे नेत असतील असं बाहेरच्या माणसाला वाटेल. पण आमची बरीच गिऱ्हाइकं लायटर नेतात ती दोरासाठी. नायलॉनचा दोर कापला की त्याचे पीळ सुटू लागतात. टोकाला विस्तव दाखवला की ते वितळतं, निवल्यावर घट्ट होतं आणि मग दोर उसवत नाही. पूर्वी सुताच्या दोराचं टोक धाग्यानं बांधत. नायलॉन आलं तसा प्रत्येक बोटीवर कुणाच्या तरी खिशात विस्तव असावा लागला.

आमच्या मामूंना लायटर हवा होता, तो मात्र चिरुटासाठी.

मामूंनी सत्तरी ओलांडली आहे. या दुकानाचा पहिला गल्ला त्यांनी सांभाळला. दोराला दोर जोडण्यात त्यांचा हात असा बसला होता की, गाठ न दिसता सांधा व्हायचा. डोलीची जाळी लावणारे जुने कोळी आजही म्हणतात, ‘चाचांनी सांधलेला दोर बाकी ठिकाणी तुटंल, सांध्यावर नाय तुटणार.’ आता तीच बोटं आखडली आहेत. काडी पेटीवर ओढताना मोडते. मोडली नाही तर वारा विझवतो. असरची नमाज झाली की ते धक्क्याकडे जाऊन बसतात. समोर वलांडीवर बोंबील वाळत असतात, खाडीच्या तोंडावरून वारा येत असतो आणि मामू शेजारच्या कुणा पोराला हाक मारतात, ‘बेटा, जरा पेटवून दे.’ ज्या माणसानं आयुष्यात कुणापुढे हात पसरला नाही, त्याला रोज एका काडीसाठी पोरासोरांची वाट बघावी लागत होती. ते आम्हांला बघवत नव्हतं.

पण घरात एकमत होईना. डॉक्टरांनी मामूंना धाप लागते म्हणून तंबाखू सोडायला सांगितलं आहे. धाकट्या बहिणीचं म्हणणं असं की, लायटर घेऊन देणं म्हणजे त्यांच्या छातीत आपल्या हातानं धूर भरणं. थोरल्याचं म्हणणं असं की, लायटर नसल्यानं चिरूट सुटलेला नाही, फक्त मामू लाचार झाले आहेत. मोहल्ल्यातल्या मौलवीसाहेबांकडे विषय निघाला, तेव्हा त्यांनी सांगितलं की कुणी आलिम तंबाखूला मकरूह म्हणतात, कुणी हरामही म्हणतात. पण चांगली तिला कुणीच म्हणत नाही. मामूंनी ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, ‘दिवसाचे तीन होते, एकावर आलोय. त्या एकाचं मी अल्लाला सांगेन.’

हा वाद आमच्याच घरचा नाही, चारशे वर्षांचा आहे. अकबराचा वकील असद बेग विजापूरच्या दरबारी गेला होता. तिथून परतताना १६०४च्या सुमारास त्यानं तंबाखू आणि रत्नजडित हुक्का आग्र्याला नेला. बादशहानं दोन-चार झुरके घेतले आणि हकिमानं त्याला अडवलं. पुढे १६१७ साली जहांगीरनं तंबाखूवर बंदीच घातली. तिचं काय झालं ते कुठल्याही पानाच्या टपरीवर दिसतं. ही तंबाखू हिंदुस्थानात आणली पोर्तुगीजांनी आणि वसईचा किल्ला, जो आमच्या दुकानापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे, तो १५३४पासून १७३९पर्यंत त्यांच्याच ताब्यात होता. चिरूट हा शब्द मात्र तमिळचा. ‘सुरुट्टु’ म्हणजे गुंडाळणं. मामूंचे चिरूटही तमिळनाडूतले, दिंडिगलकडचे.

शेवटी लायटर घ्यायचं ठरलं. अटी तीन. वाऱ्यात पेटला पाहिजे, आखडलेल्या अंगठ्यानं दाबता आला पाहिजे आणि खिशाला परवडला पाहिजे. सिगार किंवा चिरूट पेटवणं हे बिडी पेटवण्यासारखं नसतं. बिडीला क्षणभर ज्योत लागली की झालं. चिरुटाचं तोंड रुंद. ज्योत जरा दूर धरून ते सगळीकडून सारखं शेकावं लागतं, मग झुरका. एका बाजूनं पेटला तर शेवटपर्यंत वाकडा जळतो. म्हणजे ज्योत नुसती लागून भागत नाही, दहा-पंधरा सेकंद टिकावी लागते.

त्या दृष्टीनं लाकडी काडी वाईट नाही. तिच्या गुलाचा पहिला भपकारा निघून गेला की तंबाखूला वास लागत नाही. पण बंदरावर काडीचं वैर हवेशीच. सेफ्टी काडीचा तांबडा फॉस्फरस काडीवर नसतो, पेटीच्या बाजूला असतो. ती पट्टी खाऱ्या दमट हवेत ओलावली की काडी नुसती घासत राहते. शिवाय काडी आता पूर्वीइतकी स्वस्त राहिलेली नाही. ५० पैशांची पेटी २००७ साली एक रुपयाची झाली, १४ वर्षं एक रुपयाचीच राहिली आणि १ डिसेंबर २०२१पासून दोन रुपयांची झाली. काड्या ३६च्या ५० केल्या, हे मात्र खरं.

दहा रुपयांचा लायटर घेतला तर चाक फिरवायला अंगठ्यात जोर लागतो. चाकाखालचा तो बारीक खडा गारगोटीचा नसतो. लोखंड आणि सिरियमच्या जातीचे धातू मिसळून केलेला असतो. ऑस्ट्रियाच्या कार्ल आउअर फॉन वेल्सबाख यानं तो १९०३ साली काढला. त्याची ठिणगी चांगली पडते, पण ज्योत मऊ आणि पिवळी. धक्क्यावर ती वारा येण्याआधीच विझते. हाताचा आडोसा करावा तर दुसरा हात चिरुटाला.

पेट्रोलचा लायटर वाऱ्याला दाद देत नाही. झिपो कंपनी १९३२ साली अमेरिकेत निघाली, ती भोकं पाडलेल्या धुराड्याच्या जोरावरच नावारूपाला आली. पण त्याचं इंधन वापरलं नाही तरी उडून जातं आणि त्याचा वास चिरुटात उतरतो. मामूंनी एक झुरका घेतला आणि म्हणाले, ‘इंजिनाचा डबा तोंडात धरल्यासारखं वाटतंय.’

अम्मीच्या कपाटात एक सोनेरी लायटर होता. १९८०च्या दशकात चुलतभाऊ कुवेतहून आले, तेव्हा अत्तर, चादर आणि टेपरेकॉर्डरबरोबर आणलेला. त्या काळी आमच्या घराघरांत गल्फचा असा एखादा लायटर असायचा. वापरायला नव्हे, दाखवायला. त्यातली रबराची रिंग वाळून गेली होती. गॅस भरला की फुस्स करून निघून जायचा. मुंबईच्या फुटपाथवर पूर्वी स्टोव्ह, छत्र्या, लायटर दुरुस्त करणारे बसत. त्यांच्याकडे असली रिंग मिळायची. आम्हांला तसा माणूस सापडला नाही.

उरला जेट लायटर. त्यात गॅस बारीक छिद्रातून जोरानं येतो, वाटेत हवा ओढून घेतो आणि निळी, सरळ ज्योत देतो. ती वाऱ्यात वाकते, पण विझत नाही. बटण दाबलं की आतल्या स्फटिकावर हातोडी बसते आणि ठिणगी पडते. क्युरी बंधूंनी १८८० साली शोधलेला हा गुण स्वयंपाकघरातल्या गॅसच्या लायटरमध्येही असतो. चाक फिरवायचं नाही, फक्त दाबायचं. तीन ज्योतींचे, चार ज्योतींचेही मिळतात. ते गॅस तेवढ्या वेगानं पितात, म्हणून आम्ही एका ज्योतीचा घेतला. टोपण असलेला घेतला, कारण खारी हवा आणि वाळू त्या बारीक छिद्रात बसली की ज्योत फडफडते. बटण रुंद आहे ना, ते मामूंच्याच अंगठ्यानं दुकानात दाबून पाहिलं. तळाशी गॅस भरायचं तोंड आहे ना, तेही पाहिलं. किंमत दोनशेच्या आत.

भरण्याची रीतही शिकून घेतली. ब्यूटेन उणे अर्ध्या अंश सेल्सिअसला उकळतं, म्हणून थोड्याशा दाबानं ते लायटरमध्ये पाण्यासारखं राहतं. भरताना आधी उघड्यावर, विस्तवापासून दूर, बारीक पेचकसानं तोंड दाबून आतली हवा काढायची; ज्योतीचं चाक कमीवर आणायचं; लायटर उलटा धरून गॅस भरायचा; मग पाच मिनिटं तसाच ठेवायचा. उन्हात आणि इंजिनाजवळ ठेवायचा नाही. चांगल्या लायटरनं ६५ अंशांत चार तास न फुटता टिकावं, असं आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ ९९९४ सांगतं. बंद गाडीच्या काचेखालची उन्हाळ्यातली फळी त्याहूनही तापते.

आता परवडण्याबद्दल. दहाचा लायटर संपला की फेकायचा. तो जातो समुद्रात आणि एक दिवस बोंबलाबरोबर जाळ्यात वर येतो. आमच्याच दुकानातून गेलेले लायटर आम्ही ओहोटीला वाळूत पाहिले आहेत. दुसरी बाजू शिवकाशी, कोविलपट्टीची. तिथल्या काड्यापेटीच्या धंद्यात बहुतेक बायका काम करतात. दहाचा एक लायटर वीस पेट्यांची जागा घेतो, असं २०२२ साली तमिळनाडूचे मुख्यमंत्री म्हणून एम. के. स्टॅलिन यांनी केंद्राला लिहिलं होतं. पुढे जून २०२३मध्ये वीस रुपयांहून कमी आयातमूल्याच्या लायटरांची आयात केंद्रानं बंद केली. काडीचं गाव आपल्याकडेही होतं. १९२३ साली निघालेल्या विमकोचा कारखाना अंबरनाथला होता. कारखाना गेला, नाक्याला नाव राहिलं. तेव्हा स्वस्त म्हणजे फक्त आपल्या हातातून कमी पैसे जाणं नव्हे. उरलेले पैसे कुणीतरी भरतच असतं. भरून, दुरुस्त करून वर्षानुवर्षं वापरता येतो, तो लायटर आम्हांला परवडला.

मामूंचा चिरूट सुटला, असं लिहायला आम्हांला आवडलं असतं. तसं झालेलं नाही. गेल्या रमजानमध्ये तरावीहनंतरचा एक तेवढा उरला होता. आता आठवड्यातून दोनदा, कधी तीनदा. बहीण अजून रागावते आणि तिचं चूक नाही. पण लायटर मामूंच्या खिशात रोज असतो. जून-जुलैत मासेमारी बंद असते, बोटी किनाऱ्याला ओढलेल्या असतात आणि जाळी-दोरांची डागडुजी चालते. कोळ्यांची तरणी पोरं दोराची टोकं घेऊन मामूंकडे येतात. मामू ज्योत टोकावर फिरवतात, सुरीच्या पात्यानं दाबतात आणि सांगतात, ‘जवळ धरू नको, काळं होतं. निळी ज्योत, जरा लांबून. टोक पांढरं राहिलं पाहिजे.’ सांधा त्यांना आता जमत नाही. टोक मात्र अजून कुणी त्यांच्यासारखं बंद करत नाही.